तोडणीच्या करारात मुलांचेही एक पान असावे : साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष, संचालक मंडळ, कार्यकारी संचालक व मुख्य शेती अधिकारी,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील सर्व सहकारी व खाजगी साखर कारखाने

विषय : येत्या गाळप हंगामाच्या तोडणी-वाहतूक करारांत ऊसतोड मजुरांच्या मुलांची नोंद घेणे आणि फड (उभ्या उसाचे शेत) पेटवून तोडण्याची पद्धत बंद करणे.

महोदय,

आपल्या कारखान्यांची धुराडी सध्या थंड आहेत. शेती विभागात मात्र हेच दिवस धामधुमीचे असतात. वाहतूकदारांशी करार होत आहेत, टोळ्या आणणाऱ्या मुकादमांना उचल म्हणजे आगाऊ रक्कम दिली जात आहे आणि कोणत्या गटाला किती कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, मिळणार याची गणिते मांडली जात आहेत. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले, गव्हाणीत पहिली मोळी पडली, की पुढचे चार-पाच महिने कोणाला मान वर करायला सवड नसते आणि त्या काळात लिहिलेले पत्र आवक-जावक नोंदवहीच्या पलीकडे जात नाही. म्हणून हे पत्र आताच लिहीत आहे.

मी वाळवा तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावात राहते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत एकतीस वर्षे शिकवून निवृत्त झाले आणि आता घरच्या अडीच एकर उसाकडे पाहते. म्हणजे मी ऊस उत्पादक सभासद आहे. या पत्रात जी तक्रार आहे तिच्यात मीही आरोपी आहे, हे आधीच सांगून टाकते.

चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत माझा खोडवा, म्हणजे आधीच्या तोडीच्या बुडख्यांतून फुटलेला ऊस, तोडीला आला होता. खरे तर येऊन महिना उलटला होता, शेंड्याला तुरे आले होते, पाणी तोडले होते आणि तोडणी कार्यक्रमात माझा नंबर आठवड्यागणिक पुढे सरकत होता. गट कार्यालयात चार चकरा झाल्यावर तेथील एका कर्मचाऱ्याने मला बाजूला घेऊन मार्ग सांगितला. ‘बाई, पेटवून घ्या. पेटलेल्या फडाला परवा टोळी देतो.’ मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याला, काडी लागली. माझ्या बांधापासून वीस-पंचवीस पावलांवर, शेजाऱ्याच्या पडीत, डिसेंबरपासून एका टोळीच्या सात खोपी (झोपड्या) होत्या. वाऱ्याने दिशा बदलली आणि जळते पाचट उडून त्यांतल्या एका खोपीवरच्या प्लॅस्टिकच्या कागदावर पडले. आत झोळीत आठ-नऊ महिन्यांचे मूल झोपले होते आणि त्याच्या राखणीला त्याची सात वर्षांची बहीण होती. आईबाप दोन किलोमीटरवर ट्रॉलीत मोळ्या चढवत होते. त्या मुलीने भावाला झोळीसकट ओढत बाहेर आणले म्हणून तो वाचला. खोप दहा मिनिटांत जळाली, तिच्याबरोबर ज्वारीचे पोते आणि गोधड्याही गेल्या. दुसऱ्या दिवशी फड तोडताना होरपळलेली दोन मुंगसे, एक घोरपड आणि ओळखू न येणारे चार-पाच पक्षी निघाले. टोळीतल्या एका बाईने ती मुंगसे कोयत्याच्या टोकाने बांधावर सरकवली आणि पुन्हा ती कामाला लागली.

माझा ऊस वजनकाट्यावर गेला. स्लिपवर माझा सभासद क्रमांक होता, गट क्रमांक होता, उसाची जात को ८६०३२ होती, वाहनाचा नंबर, टोळीचा नंबर, तारीख, वेळ आणि किलोपर्यंतचे वजन होते. ‘जळीत’ असा शेरा होता आणि त्यापोटी कपात होती. ती स्लिप मी अजून जपून ठेवली आहे. त्या सायंकाळी जे घडले त्याला त्या कागदावर कोठेही जागा नव्हती, कारण त्या झोळीतले मूल आणि ती मुलगी आपल्या कोणत्याच कागदावर नव्हती.

माझे सांगणे एवढेच आहे की जो कारखाना उसाच्या प्रत्येक मोळीचा हिशेब ठेवतो, त्याला त्याच फडाच्या बांधावर राहणाऱ्या मुलांचा हिशेब ठेवता येईल. आणि ज्या दिवशी तो हिशेब ठेवायला लागेल, त्या दिवशी फड पेटवणे त्यालाच परवडणार नाही. मुले आणि माती हे दोन वेगळे विषय म्हणून मी मांडत नाही. आपल्या भागात ती दोन्ही एकाच बांधावर, एकाच काडीच्या अंतरावर आहेत.

फड का पेटतो हे आपणास माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तोडणीला माणसे कमी पडतात. पाचट सोलत ऊस तोडायचा तर वेळ लागतो, पाल्याच्या धारेने हात-मान कापतात, आत सापाकिरडाची भीती असते. पेटलेल्या फडात तेच दोन हात दिवसाला जास्त ऊस तोडतात आणि मजुरी टनावर असल्यामुळे टोळीलाही ते बरे वाटते. शेतकरी तोडीसाठी कासावीस झालेला असतो, कारण उशिरा तुटला तर वजन घटते आणि खोडव्याचा हंगाम हुकतो. शिवाय टोळीला ‘खुशाली’, म्हणजे वरची बक्षिसी, मोजावी लागते ती वेगळीच. अशा प्रकारे प्रत्येकाला आपापल्या जागी पेटवणे सोयीचे वाटते. जळालेल्या उसातील साखर झपाट्याने मोडते आणि तो लवकर गाळला नाही तर उतारा घटतो, म्हणून कारखान्याने कपात लावली. पण कपात लावून तोड लवकर द्यायची, याचा सरळ अर्थ असा होतो की आपण आगीला बंदी घातली नाही, तिचा दर ठरवून दिला.

त्या दराच्या पलीकडे जमिनीचे काय होते, हे मला निवृत्तीनंतर कृषी खात्याच्या शिवारफेरीत कळले. शिक्षिका असून इतकी वर्षे कळले नव्हते, याची लाज वाटते. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. माझे अडीच एकर म्हणजे जवळजवळ एक हेक्टर. दहा टन धरले तर त्या एका सायंकाळी मी पन्नास किलोच्या घरात नत्र आणि तीन टनांहून अधिक कर्ब धुरात घालवला. राखेत राहते ते थोडेफार पालाश. आणि मग जूनमध्ये रांगेत उभे राहून मी युरियाची पोती आणली. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत हजारो एकर जमीन अति पाण्याने आणि खतांनी क्षारपड झाली आहे. तिला जर काही हवे असेल तर ते सेंद्रिय कर्ब आहे, आणि नेमके तेच आपण दरवर्षी पेटवतो. पुढच्या खोडव्याला मी पाचट सरीत दाबले, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकले. उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्यांतले अंतर वाढवता आले, तण कमी आले आणि माती पायाला मऊ लागू लागली. हे काही माझे संशोधन नव्हे. आपल्याच कारखान्यांचे ऊसविकास अधिकारी हेच सांगत गावोगाव फिरतात. त्याच कारखान्याचे गट कार्यालय मात्र पेटवायला सांगते. एकाच कचेरीच्या दोन खिडक्यांतून दोन सल्ले मिळावेत, हे मला कधी उमगले नाही.

आता मुलांविषयी.

टोळ्या बीड, धाराशिव या जिल्ह्यांतून येतात, तशा आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या जतमधूनही जातात. एकाच जिल्ह्याचा एक तालुका ऊस पिकवतो आणि दुसरा तो तोडायला घर सोडतो. त्यांच्यासोबत मुले येतात, कारण गावी ठेवायला कोणी नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, त्यामुळे आईला मुलापाशी थांबण्याची सोय त्या हिशेबातच नाही. पहाटे अंधारात तोड सुरू होते, दुपारी मोळ्या बांधायच्या, गाडी येईल तेव्हा भरायची, मग ती रात्री अकराला येवो की दोनला. या वेळात दोन वर्षांच्या मुलाला चार वर्षांचे मूल सांभाळते असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल, म्हणून म्हणत नाही. सात वर्षांची मुलगी सांभाळते, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दहा-अकरा वर्षांची झाली की ती भाकरी थापते, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) बांधते. बारा-तेरा वर्षांची झाली की तिला खोपीत एकटी ठेवायला आईबापांचा जीव धजत नाही आणि मग तिच्या लग्नाचा विचार सुरू होतो. लग्न झाले की नवा कोयता तयार होतो आणि त्या कोयत्याला उचल मिळते. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, मुलीचे वय १८ पूर्ण हवे आणि आपल्या राज्यात गावातील ग्रामसेवक हाच प्रतिबंधक अधिकारी असतो. पण ती मुलगी वर्षातला निम्मा काळ ज्या गावात राहते तेथील ग्रामसेवकाच्या दृष्टीने ती गावची नसते, आणि जिथली असते तिथे ती नसते. कायदा पत्ता विचारतो आणि तिचा पत्ता म्हणजे कोणाच्या तरी फडाचा बांध.

शाळेचेही तेच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. सहा ते चौदा वर्षांचे मूल वर्षाच्या कोणत्याही दिवशी दाखला नसताना शाळेत आले तरी त्याला बसवून घ्यायचे, हे त्यात स्पष्ट आहे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. तरीही मी सेवेत असताना एका वर्षी खोपीवरच्या अकरा मुलांना वर्गात आणले, तेव्हा माझ्या वरिष्ठांनी मला विचारले होते की यांची नावे मूळ गावच्या पटावर असताना आपण त्यांचा पोषण आहार कोणत्या खात्यात दाखवायचा. ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांना लेखापरीक्षणाची भीती होती. आम्ही शेवटी आमच्या पटावरच्या गैरहजर मुलांच्या वाट्यातून त्यांना वाढले आणि कागदावर काहीच लिहिले नाही. हे बेकायदा होते की पुण्याचे, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. त्यातली एक मुलगी बारापर्यंतचे पाढे खाडखाड म्हणे. पुढच्या हंगामात तिची टोळी पुन्हा आली तेव्हा मी तिला वर्गात बोलवायला गेले, तर तिच्या हातात कोयता होता. बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही, हे मी तिच्या मुकादमाला सांगितले. तो म्हणाला, ‘कामावर कोण ठेवलंय बाई? ती आईला हातभार लावतीया.’

साताऱ्याचे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले आणि तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पंचांग पाहा. हा दिवस आपल्या हंगामाच्या तोंडावरच येतो. शाळांमध्ये त्या दिवशी भाषणे होत असतात आणि शाळेसमोरच्या रस्त्यावरून टोळ्यांचे ट्रॅक्टर येत असतात. ट्रॉलीत भांडी, शेळ्या, कोंबड्या आणि त्यांच्यावर बसलेली शाळेच्या वयाची मुले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालवले, तेव्हा त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आपल्यापैकी कित्येकांच्या कचेरीत कर्मवीरांची तसबीर आहे. तिला हार घालावा, पण तिच्याकडे पाहण्याचा प्रसंग ट्रॅक्टर दारावरून जातो तेव्हाही असतो.

बिबट्याविषयी लिहिले नाही तर हे पत्र अपुरे राहील. कराड, पाटण, शिराळा या तालुक्यांत बिबट्या उसात राहतो, उसातच विणतो. चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला तरी उसातल्या बिबट्याला त्याचे सोयरसुतक नाही. त्याच्या कित्येक पिढ्यांनी जंगल पाहिलेले नाही. फड तोडताना पिल्ले सापडली की काय होते ते पाहण्यासारखे असते. तोड थांबते. वनखात्याची माणसे येतात, पिल्ले तपासतात, संध्याकाळी ती होती त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, भोवती कॅमेरे लावतात आणि सर्वांना दूर हटवतात. रात्री आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. ते चित्रण आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिले आहे आणि आपले डोळेही ओलावले आहेत. ही पद्धत उत्तम आहे, तिच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. परंतु याच कराड आणि शिराळा तालुक्यांत ऊसतोड मजुरांची लहान मुले बिबट्याच्या हल्ल्यात दगावली आहेत. खोप फडाला चिकटून, दार म्हणजे एक पडदा, दिवा नाही, आणि मूल बुटके, वाकलेले, बांधावर खेळणारे. बिबट्याच्या नजरेला ते शेळीपेक्षा वेगळे दिसत नाही. अशा वेळी बिबट्याला मारा म्हणून मोर्चा निघतो. पिल्लांसाठी एक रात्र तोड थांबवण्याची रीत जिथे पडू शकते, तिथे खोपी फडापासून शंभर पावले लांब, उजेडात आणि एका ठिकाणी असाव्यात अशी रीत पाडणे अवघड का व्हावे? फड पेटवला की बिबट्या, रानमांजर, साप सगळेच ज्या बाजूला धूर नाही त्या बाजूला धावतात, आणि बहुधा त्याच बाजूला खोपी असतात. एका टोकाकडून, आवाज करत, सुटायला वाट ठेवून तोड करावी हे वनखाते दरवर्षी सांगते. पेटलेल्या फडात ते शक्यच नसते.

पाण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो विषय वेगळ्या पत्राचा आहे. खोपी बहुतेक करून ओढ्याच्या, पाटाच्या किंवा नदीच्या कडेला असतात. तेच पाणी पिण्याचे, अंघोळीचे आणि भांड्यांचे. शौचालय नसल्यामुळे पुढचे सांगायला नको. उन्हाळ्याकडे कृष्णेची धार बारीक होते आणि मळी-सांडपाण्याचा एखादा लोंढा आला की पाण्यातला प्राणवायू संपून मासे तडफडत वर येतात. सांगलीकरांना हे नवीन नाही. मेलेले मासे दिसले की वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि शहराला पाणी उकळून पिण्याची सूचना मिळते. काठावरच्या खोपीत ती सूचना कोण नेऊन देणार? तेथील मुले त्या दिवशी मासे गोळा करत असतात.

आपली उत्तरे मला ठाऊक आहेत, कारण सर्वसाधारण सभेत ती मी ऐकली आहेत. पहिले उत्तर असे की मजूर आमचे नोकर नाहीत, ते मुकादमाचे आणि वाहतूकदाराचे आहेत. उचल बुडवून टोळी पळाली की मात्र कारखान्याची जीप आणि वकील त्यांच्या गावापर्यंत जातात. पैशापुरते जे नाते आहे ते मुलापुरतेही असू द्यावे. दुसरे उत्तर, हे शासनाचे काम आहे. आहेच, आणि शासनाने काही केलेच नाही असेही नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे, गावी राहणाऱ्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, आणि महामंडळासाठी टनामागे कारखान्याने १० रुपये व शासनाने तेवढेच द्यायचे असे ठरले आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे ते एक कोटी रुपये होतात. परंतु वसतिगृह मूळ गावी असते आणि सहा वर्षांखालचे मूल वसतिगृहात राहत नाही. ते आईच्या पाठीवर आपल्याच गटात येते, आणि त्या मुलाचे काय याचे उत्तर मंत्रालयात नसून आपल्या गट कार्यालयात आहे. तिसरे उत्तर म्हणजे हार्वेस्टर आले की प्रश्नच मिटेल. यंत्राला रुंद सरी आणि मोठे सलग क्षेत्र लागते. माझ्यासारख्यांच्या एकर-दीड एकराच्या तुकड्यांत ते कधी येईल ते येवो. तोवर जी मुले वाढतील ती यंत्राची वाट पाहत थांबणार नाहीत.

म्हणून येत्या हंगामासाठी माझी मागणी अशी आहे. तोडणीच्या करारात प्रत्येक कोयत्यासोबत येणाऱ्या मुलांची नावे, वये आणि मूळ शाळा लिहिली जावी. टोळी ज्या दिवशी गटात उतरेल त्या दिवशी ती यादी चिटबॉयने (फडावर तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या कर्मचाऱ्याने) गावच्या मुख्याध्यापकांना, अंगणवाडी सेविकेला आणि ग्रामसेवकाला द्यावी. चिटबॉय रोज फडावर जातोच, त्याच्या मोबाइलमध्ये प्लॉटचा नकाशा असतोच. त्यात आणखी एक पान उघडायला खर्च येत नाही. ती यादी हाती पडली की मुख्याध्यापकांना पटाचा आणि आहाराचा प्रश्न पडणार नाही, सेविकेला लसीकरण आणि पोषण आहारासाठी नावे मिळतील, आणि तेरा वर्षांची मुलगी अचानक यादीतून गळली तर ती कोठे गेली असे विचारणारा कोणीतरी असेल. आजवर विचारणाराच नव्हता.

खोपींसाठी गटागटात एक जागा ठरवावी. गायरान, कारखान्याची पडीक जागा किंवा एखाद्या सभासदाची पड चालेल; फडापासून लांब, पाण्याचा एक नळ, दोन दिवे आणि चार शौचालये असलेली. तेथे दिवसभर मुलांपाशी बसायला टोळीतलीच एक बाई नेमून तिला तोडीइतकी मजुरी कारखान्याने द्यावी. बाहेरची बाई नको, कारण मुले तिच्यापाशी राहणार नाहीत आणि आया विश्वास ठेवणार नाहीत. पाळणाघर म्हणून इमारत बांधण्याच्या भानगडीत कृपा करून पडू नये. इमारत म्हटली की निविदा आली, आणि निविदा आली की तीन हंगाम गेले.

तोडणी स्लिपच्या मागची बाजू कोरी असते. तिच्यावर चाइल्डलाइनचा १०९८ आणि वनखात्याचा १९२६ हे दोन क्रमांक ठळक छापावेत.

आणि पेटवलेल्या फडाला लवकर तोड देणे थांबवावे. कपात वाढवून हे थांबणार नाही. माझ्यासारखा अडलेला शेतकरी कपात सोसतो. जळीत उसाला क्रम मिळणार नाही, अपघाताने पेटलेला असेल तर पंचनामा होईल, आणि पाचट राखणाऱ्याला तोडणी कार्यक्रमात झुकते माप मिळेल, असे जाहीर झाले तर एका हंगामात फरक दिसेल. हिरवा ऊस सोलून तोडायला टोळीला जास्त वेळ लागतो, हे खरे आहे. त्यासाठी टनामागे वेगळा दर द्यावा लागेल. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी आमच्याच बिलातून वजा होतो, तेव्हा तो वाढीव दर देण्याची तयारी आम्हा सभासदांना ठेवावी लागेल. माझी आहे. सगळ्यांची असेल असे मी म्हणत नाही. आमच्या गावात या मुद्द्यावर दोन बैठका झाल्या आणि दुसऱ्या बैठकीला पहिलीपेक्षा कमी माणसे आली.

सप्टेंबरमधल्या वार्षिक सभेसाठी या चारही गोष्टींचा ठराव मी लेखी पाठवला आहे आणि त्याची पोच घेतली आहे. सूचकाच्या जागी माझे नाव आहे; अनुमोदकाची जागा शेजाऱ्याने भरली आहे, ज्याच्या पडीत त्या सात खोपी होत्या. माझ्या प्लॉटच्या नोंदणी अर्जावर मी एक ओळ शाईने वाढवली आहे. माझा ऊस कोणत्याही कारणाने पेटवू नये, तोड मार्चअखेर आली तरी माझी तक्रार असणार नाही. माझ्या विहिरीवर मोटारीची खोली आणि पत्र्याची शेड आहे, वीज आहे, पाणी गोडे आहे, आणि तेथून सर्वांत जवळचा फड दीडशे पावलांवर आहे. ती जागा नोव्हेंबर ते मार्च टोळीच्या मुलांसाठी मोकळी ठेवत आहे. किल्ली घरी आहे. शेती विभागातून जागा पाहायला कोणी येणार असेल तर दुपारी चारनंतर यावे. सकाळी मी गावातल्या शाळेत असते.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका व ऊस उत्पादक सभासद,
तालुका वाळवा, जिल्हा सांगली

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, सातारा आणि सांगली. अध्यक्ष, बालकल्याण समिती, सातारा आणि सांगली